पहिल्या झबल्याची कड

आमच्या गल्लीत कुणाकडं मूल जन्मलं की पेढ्यांचा पहिला पुडा आमच्या दारात यायचा. पेढे द्यायचे, बाळाचं वजन सांगायचं, बाळंतीण कशी आहे ते सांगायचं आणि निघता निघता दारातच घुटमळायचं. माझ्या सासूबाई मग विचारायच्या, पोरगा का पोरगी? एवढं विचारलं म्हणजे त्यांच्या हातची कुंची ठरली. आलेला माणूस निवांत होऊन घरी जायचा.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. आत्यांची उमेदीची सगळी वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेली, टॉवेलच्या कारखान्यात, शिलाई खात्यात. मागावरून टॉवेलची लांबच लांब पट्टी उतरते. ती कापायची, कापलेली कड दुमडायची आणि मशीनवर शिवून टाकायची. सकाळी बसलं की दिवसभर तेच. सासरे लवकर गेले, तेव्हा ह्या शिलाईवर त्यांनी एकट्यानं मुलगा वाढवला. तो मुलगा म्हणजे माझा नवरा, आता तिथल्याच दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पालकांशी भांडायचं काम माझ्याकडंच असतं, कारण माझं तोंड फटकळ आहे आणि हे हेडमास्तरांनाही ठाऊक आहे.

कारखान्यातून आलं की माणसानं सुईदोऱ्याकडं बघूही नये, पण आत्या हातपाय धुऊन, चहा पिऊन पुन्हा मशीनवर बसायच्या. ते शिवण वेगळं. त्यात झबली, टोपडी, दुपटी असायची आणि कुंची तर असायचीच. कुंचीला खण लागायचा. काठानं गोटा, कपाळावर मोत्यांची झालर, पाठीवर रेशमाचा पोपट. झबल्याच्या गळ्याशी साखळीटाक्याची वेल असायची आणि तिच्यावर मोहरीएवढी फुलं. पलीकडच्या घरातल्या तेलुगू अक्कांच्या नातवाला मोर हवा होता, तर मोर काढला. कोपऱ्यावरच्या चाचींनी नातीसाठी हिरव्या कापडावर चांदण्या मागितल्या, तर चांदण्या. कुणी हातावर नारळ ठेवला तर घ्यायच्या. त्याहून जास्त काही पुढं केलं तर त्या माणसाला चहा मिळायचा आणि वस्तू परत मिळायची.

एक मात्र होतं. मूल जन्मून रडल्याशिवाय त्या कात्रीला हात लावायच्या नाहीत. आधी लेकरू, मग कापड. सातव्या महिन्यातच कुणी लाडानं रंग सांगायला आली तर तिला हाकलायच्या. म्हणायच्या, "जा, लाडू खा, झोप. रंग त्यो आल्यावर त्यालाच इचारू."

मी दिवसातून चार वेळा त्यांच्याशी वाद घालायचे. भाजीत शेंगदाण्याचं कूट किती, पाणी आलं त्या दिवशी आधी कपडे का आधी पिंप, कशावरूनही. माझी आई मी कॉलेजात असतानाच वारली, त्यामुळं हक्कानं भांडायला बाईमाणूस मला बरीच वर्षं मिळालं नव्हतं. आत्याही काही कमी नव्हत्या. एकदा म्हणाल्या, तुझ्या जिभेला हाड न्हाई आन माझ्या कानाला दार न्हाई, बरं जमलं आपलं.

आमचा पहिला मुलगा झाला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी गेले नाही. मोहोळला भाऊ-वहिनी होते, पण आई नसलेलं माहेर म्हणजे शेवटी पाहुण्याचं घर. आत्या म्हणाल्या, हितंच राहा. मुलाला घरी आणलं आणि आत्यांनी रजा टाकली. त्याच्यासाठी केवढं शिवलं त्यांनी. कुंचीला तर पोपटांची जोडी काढली, कारण एकटा पोपट बरा दिसत नाही असं त्यांना अचानक वाटायला लागलं होतं. पाचवीच्या पूजेला तो नव्या झबल्यात असा झोपला होता की अक्का म्हणाल्या, नजर लागंल, काळा ठिपका मोठा लावा.

बारशापर्यंत तो राहिला नाही.

दूध ओढताना त्याचे ओठ निळे पडायला लागले. रिक्षानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बसवून कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या उलट्यापालट्या जोडल्या गेल्या होत्या, पोटात असतानाच. सोनोग्राफीत ते दिसलं नव्हतं, दरवेळी दिसतंच असं नाही म्हणाले. पुण्याला न्यायची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं ते अंघोळ घालून परत न्यायला. अंघोळ आत्यांनी घातली, कपडे त्यांनीच चढवले. मी पलंगावर बसून होते, माझ्यानं उठवत नव्हतं. माझ्या नवऱ्यानं त्याला दोन्ही हातांवर घेतलं आणि पुरुषमाणसं गेली. त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं. अजूनही त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली तर आम्ही 'तो' म्हणतो.

त्यानंतर आमच्या घरात त्याचा विषय निघाला नाही. कुणी तसं ठरवलं नव्हतं. नवरा कामावर जायचा आणि उशिरा यायचा. मी शाळेत जाऊन पालकांवर ओरडायचे. आत्यांनी कारखाना सोडला, आता होत नाही म्हणाल्या. घरच्या मशीनवर त्यांनी एक जुनी चादर टाकली आणि चादरीवर दळणाचे डबे मांडून ठेवले.

गल्लीत मुलं जन्मायची थांबली नव्हती. पेढे यायचे, माणसं दारात घुटमळायची. आत्या मुलगा का मुलगी हे विचारायच्याच नाहीत. कुणी स्पष्टच विषय काढला तर म्हणायच्या, डोळं गेलं आता, सुईत दोरा जात न्हाई. हे मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि माझ्या हातातलं लाटणं थांबायचं, कारण त्याच बाई सकाळी तांदळातला खडा चष्म्याशिवाय वेचत असायच्या. पहिल्यांदा मला वाईट वाटायचं, मग राग यायला लागला. आपलं गेलं म्हणून लोकांच्या लेकरांवर कशाला रुसायचं, असं मी एकदा नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, सोड ना आता. त्याचं सगळ्या गोष्टींना हेच उत्तर होतं.

मग बऱ्याच काळानं मला पुन्हा दिवस गेले.

ह्या वेळी सगळ्या तपासण्या झाल्या. पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी असते, ती केली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चार कप्पे दाखवले आणि नळ्या आपापल्या जागी आहेत म्हणाल्या. मी घरी येऊन पाणी प्यायले आणि खुर्चीत बसून रडले. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. काय झालं विचारलं नाही त्यांनी. मीही सांगितलं नाही, म्हटलं नवरा सांगेल.

मुलगी झाली. धडधाकट, आवाज तर असा की वॉर्डातली सगळी पोरं तिच्यामुळं जागी व्हायची. घरी आणली तेव्हा उन्हाळा नुसता पेटला होता. आत्यांनी खोलीला ओला पडदा लावून ठेवला होता. माझ्यासाठी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकायला शेगडी, सगळं वेळच्या वेळी. मला इकडची काडी तिकडं करू दिली नाही. पण बाळाला मात्र त्या हात लावत नव्हत्या.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. अंघोळ घालायला एक बाई ठरवली होती. ती बाळाला पुसून द्यायची तेव्हा आत्या पदर पुढं करायच्या नाहीत, माझ्याकडं बोट दाखवायच्या. बाळ रडलं की त्या मला हाक मारायच्या. मी एकदा म्हणाले, घ्या की जरा, मला पाठ टेकू द्या. तर म्हणाल्या, माझं हात लई गार हाईत. सोलापूरचा उन्हाळा, भिंतींना चटका बसतोय, आणि ह्यांचे हात गार.

पाचवी आली. बाळ आत्यांच्याच जुन्या सुती पातळाच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं, ते बरोबरच होतं, पहिले काही दिवस जुनंच घालतात. पण पाचवीला नवं झबलं लागतं. मशीनवरचे डबे होते तिथंच होते. पाटावर पूजा मांडली आणि बाळ जुन्यातच होतं. अक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी वर पंख्याकडं बघितलं.

दोन दिवसांनी मोहोळहून वहिनी आली. बिचारीनं पिशवी भरून तयार कपडे आणले होते. कशावर हत्ती, कशावर सिंह, मागं कर्रकन निघणारी चिकटपट्टी. माझ्या ओटीसाठी एक हिरवा खणही आणला होता. मी हत्तीचं झबलं हातात घेतलं आणि मला रडूच आलं. वहिनीला वाटलं, आईची आठवण आली. मी तिला तसंच वाटू दिलं.

खरं काय ते सांगते. मला माझ्या मुलीसाठी आत्यांच्या हातचं झबलं हवं होतं, दुसऱ्या कुणाच्याही हातचं चालणार नव्हतं. गल्लीतल्या दहा घरच्या पोरांना ह्या बाईनं आपल्या हातानं जगात घेतलं, आणि सख्ख्या नातीला ती बोट लावेना. मला माहेरची आई नाही. बाळंतविडा करायला दुसरं कोण होतं मला? आणि मनात एक घाणेरडा किडा वळवळत होता, तोही सांगते. मुलगा गेला आणि त्याच्या जागी मुलगी आली, म्हणून ह्या अशा वागतायत.

बारसं चार दिवसांवर आलं तेव्हा माझा बांध फुटला. दुपारची वेळ होती. बाळ झोपलं होतं, नवरा कामावर होता, मागच्या शेडमधल्या मागांचा खडखडाट तेवढा येत होता. आत्या स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होत्या. बाळंतिणीनं एवढं उभं राहू नये, पण मी दाराला टेकून उभी राहिले आणि आवाज न चढवता विचारलं. न चढवता म्हणजे माझ्या मानानं.

"पोरगी झाली म्हणून का, आत्या?"

त्यांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मी काय विचारतेय हेच त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं तशी त्यांनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, तुला आसं वाटलं व्हय. मी म्हणाले, मग दुसरं काय वाटायचं मला, तुम्ही सांगा.

"माझ्या हातचं नको तिला," त्या म्हणाल्या. "त्याच्या झबल्याची कड म्या दुमडली हुती."

मला ह्याचा अर्थ लागायला थोडा वेळ गेला. आत्यांच्या माहेरी एक रीत होती आणि ती त्यांनी आयुष्यभर पाळली. मुलाच्या पहिल्या झबल्याची खालची कड दुमडायची नाही. कापलेली तशीच उघडी सोडायची, दोरे लोंबले तर लोंबू द्यायचे. कड शिवली म्हणजे कापड तिथं संपलं. लेकराचं आयुष्य असं संपलेलं शिवू नये, ते पुढं वाढतं ठेवावं. गल्लीतल्या प्रत्येक पोराचं पहिलं झबलं त्यांनी असं उघड्या कडेचं दिलं होतं. त्यांच्या आयांना बजावायच्या, कुणाच्या हातून शिवून घेऊ नका.

आणि आमच्या मुलाच्या वेळी, घाईत म्हणा, आनंदात म्हणा, त्यांचा हात गेला. वेल काढून झाली, बाह्या लावून झाल्या, आणि रोज हजार कडा दुमडणाऱ्या हातांनी ती कडही दुमडली. मशीननं सरळ रेघेत शिवून टाकली. त्यांना कळलंसुद्धा नाही. ज्यांचा जन्म कडा शिवण्यात गेला त्यांच्याच हातून अशी चूक व्हायची, दुसऱ्या कुणाच्या झाली नसती.

कळलं कधी, तर शेवटची अंघोळ घालून त्याला तेच झबलं चढवताना. ते खाली ओढून सारखं करत होत्या, तेव्हा बोटांना शिवलेली कड लागली.

हे सगळं त्यांनी लसणाच्या पाकळ्यांकडं बघत सांगितलं. रडल्या नाहीत. सांगून झाल्यावर पुन्हा सुरी उचलली.

आता मी जे सांगणार आहे ते मला सांगायला आवडत नाही. क्षणभर, अगदी क्षणभरच, माझा त्यावर विश्वास बसला. हृदयाचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं काढलेलं होतं, नळ्या कुठं चुकल्या ते डॉक्टरांनी पेन टेकवून दाखवलं होतं, तरी माझ्या मनात आलं, म्हणजे हे हिनंच केलं. आणि बरं वाटलं मला. इतके दिवस जे दुःख धरता येत नव्हतं त्याला एक टोक मिळाल्यासारखं झालं. मग माझीच मला शिसारी आली.

मी खाली बसले. म्हणाले, आत्या, त्याच्या हृदयातच दोष होता, तुम्हाला माहीत आहे ना.

त्यांना माहीत नव्हतं.

मी तोच कागद आठवून आठवून सांगत गेले. पोटात असतानाच नळ्या उलट्या जोडल्या गेल्या होत्या, जन्मायच्या कितीतरी आधी, तेव्हा झबल्याचं कापडही दुकानातून आलं नव्हतं. त्या ऐकत होत्या. मध्येच विचारलं, हे तुला तवाच ठावं हुतं? मी म्हणाले, होतं की, आम्हा दोघांनाही डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मला कुणी सांगितलं न्हाई. त्यात तक्रार नव्हती, आणि म्हणून ते जास्त लागलं.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. खरं तर वांगं त्याच लायकीचं होतं. आईला का सांगितलं नाहीस म्हणून मी त्याला बूट काढायच्या आत धरलं. तो म्हणाला, मला वाटलं तू सांगितलं असशील. मग म्हणाला, आईला काय कळणार होतं त्यातलं. मग खाली बसून बुटाची नाडी ओढत म्हणाला, माझ्या तोंडातून शब्दच फुटला नाही गं. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण तिनं विचारलंच नाही. तो रडायला लागला तेव्हा मी भांडण सोडलं. त्याला दोन्ही हातांवर घेऊन हाच गेला होता, हे मी रागात विसरले होते.

आत्यांचं एकदम समाधान झालं असं काही नाही. त्या सारख्या काहीतरी विचारायच्या. हिच्या काळजाचं तपासलं का? तपासलं. नळ्या जागंवर हाईत? आहेत. मग त्याच्या वक्ताला का दिसलं न्हाई? ह्याचं उत्तर मी डॉक्टरांच्या शब्दांत दिलं, पण हा प्रश्न मीही रोज विचारत आले होते. त्याच्या वेळी मी आठव्या महिन्यापर्यंत स्कूटीवरून शाळेत जात होते, एमआयडीसीकडच्या त्या खड्ड्यांतून. डॉक्टरांना मी घाबरत घाबरत विचारलं होतं, त्यानं काही झालं का. त्याचा काही संबंध नाही म्हणाले. मी मान डोलावली होती, आणि आजतागायत त्या रस्त्यानं जाताना प्रत्येक खड्ड्याशी मी गाडी हळू करते. कारण कळलं म्हणून मनातलं जात नाही. हे मला कळत होतं आणि तरी मी आत्यांना पुन्हा पुन्हा नळ्या समजावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा आवाज आला. मी पडल्या पडल्या ऐकत राहिले. डबे खाली उतरले होते, चादर घडी करून ठेवली होती. वहिनीनं आणलेला हिरवा खण त्यांनी माझ्याकडून मागून नेला आणि त्याची कुंची बेतली. झबल्याला आपलंच एक मऊ पातळ काढलं, फिकट निळं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. दोन दिवस सवड मिळाली की त्या मशीनवर बसत होत्या. गळ्याशी वेल काढली, मोहरीएवढी फुलं काढली. मुलीला पोपट काढायचा का मोर, एवढं तेवढं विचारलं. मी म्हणाले, चिमणी काढा, आवाज तसाच आहे.

बारशाच्या आदल्या दिवशी त्या झबलं घेऊन माझ्या पलंगाशी आल्या. सगळं झालं होतं, बंदसुद्धा लागले होते. खालची कड तेवढी उघडी होती आणि तिच्यातून बारीक निळे दोरे सुटले होते.

"हितलं काय करू?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या तशीच," मी म्हणाले. विचार करायला थांबलेही नाही. तोंडातून निघूनच गेलं.

आत्यांनी मान हलवली. व्हय, उघडीच बरी, म्हणाल्या. झबल्याची घडी घातली आणि वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. मी जे बोलेन असं त्यांना वाटलं होतं, तेच मी बोलले होते.

त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मला कळलं मी काय केलं. दोन दिवस नळ्या समजावल्या होत्या आणि एका वाक्यात सगळं पुसून टाकलं होतं. कडेनं काही होत नाही, तर ती उघडी कशाला ठेवायची? आणि उघडी ठेवायची, तर तो गेला तो आत्यांमुळंच असं झालं. मधला रस्ता नव्हता. बाळ माझ्या कुशीत झोपलं होतं, त्याचं पोट वर-खाली होत होतं. मला इतकी भीती वाटली की हात गार पडले. आत्यांचे हात कसे गार असतील ते मला तेव्हा समजलं.

मी त्यांना हाक मारली. म्हणाले, दुमडा.

त्या परत आल्या. माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. मी पुन्हा म्हणाले, दुमडा कड, चांगली बारीक दुमडा.

"आन काय झालं तर?"

काही होणार नाही, असं म्हणायचं मला धैर्य झालं नाही. ते आम्हा दोघींनाही खोटं वाटलं असतं.

"झालं तर म्हणू, दोघींनी दुमडली होती."

आत्या पलंगाच्या काठावर बसल्या. मशीनवर गेल्या नाहीत, सुईदोरा घेतला. नखानं कड दाबत दाबत हातानं टाके घालायला लागल्या, एकसारखे, मुंगीच्या पावलांसारखे. मी बघत होते. निम्म्यावर आल्यावर त्यांनी सुई कापडात टोचली आणि झबलं माझ्यापुढं धरलं. मी म्हणाले, आत्या, मला बटणसुद्धा लावता येत नाही. त्या म्हणाल्या, दोघींनी म्हनलीस न्हवं.

उरलेली अर्धी कड मी शिवली. टाके लांब-आखूड आले, एका ठिकाणी कापड गोळा झालं. आत्यांनी त्यावरून बोट फिरवलं. वाकडं शिवण दिसलं की उसवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, कारखान्यात त्यासाठी पोरी त्यांना घाबरायच्या. मी वाट बघत होते, आता उसवतील. त्यांनी दोरा दातानं तोडला, माझ्या कुशीतून बाळाला उचललं आणि झबलं घालायला मांडीवर घेतलं.